बिनअंड्याचं तिखट मेयो: घट्टपणा दुधात नाही, तेलात आहे

मोमोच्या गाडीवर लाल चटणीच्या शेजारी जी केशरी, दाट, तिखट चटणी असते, फ्रँकीत जी चोपडतात, ती घरी करायला दूध, तेल, व्हिनेगर, मिरच्या आणि लसूण एवढंच लागतं. मिरच्या भिजण्याचा आणि वाटण गार होण्याचा वेळ सोडला तर कामाला वीस मिनिटं, त्यातलं मेयो, म्हणजे मेयोनेझ, फक्त एका मिनिटाचं. तरी पहिल्या खेपेला ते पातळ राहतं, आणि मग माणूस घाबरून त्यात आणखी दूध ओततो, साय घालतो, कुणी कॉर्नफ्लोअरची पेस्टसुद्धा. त्याने ते आणखी बिघडतं. मेयो पातळ असेल तर त्यात तेल घालायचं असतं. हे उलटं वाटतं, पण का ते एकदा कळलं की बाकीची कृती पाठ करावी लागत नाही.

आत काय घडतं

तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. पण तेलाचे अगदी बारीक थेंब करून ते पाण्यात पसरवले आणि थेंब पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती पातळ आवरण चढवलं, तर ते राहतात. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत अशा मिश्रणाला ‘पायस’ म्हणतात. दूध स्वतःच एक पायस आहे: पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे कण. ताक घुसळताना आपण हेच मोडतो, आणि सुटे झालेले कण गोळा होऊन लोणी वर येतं. मेयोत त्याच्या उलट करायचं आहे. दुधात त्याच्या दुप्पट तेल कोंबायचं आणि ते मोडू द्यायचं नाही.

आवरण चढवण्याचं काम अंड्याच्या मेयोत बलकातलं लेसिथिन करतं, दुधाच्या मेयोत दुधातली प्रथिनं, मुख्यतः केसीन. आता घट्टपणाचं. दुधात तेलाचे थोडेच थेंब असतील तर ते मोकळे फिरतात आणि मिश्रण पातळ राहतं. थेंब वाढत जाऊन एकमेकांना खेटायला लागले की कुणालाच हलता येत नाही, गर्दीच्या लोकलसारखं. मिश्रण चमच्यावर उभं राहतं ते या दाटीमुळे. म्हणून तेल कमी घालून ‘हलकं’ मेयो करायला गेलात तर तेलकट दूध हाती येईल. तेल कमीच खायचं असेल तर वेगळी वाट धरावी, ती शेवटाकडे दिली आहे.

साहित्य

‘एक वाटी’ या मापाने इथे घात होतो, कारण घराघरातली वाटी दीडशे मिलीपासून अडीचशेपर्यंत काहीही असते. मापाचा कप किंवा औषधाच्या बाटलीवरचं मिलीचं टोपण वापरा. खाली मोठा चमचा म्हणजे १५ मिली, चहाचा चमचा म्हणजे ५ मिली.

मेयोसाठी:
- फुल क्रीम दूध, फ्रीजमधलं गार: १०० मिली
- रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल: २०० मिली, शिवाय हाताशी ५० मिली जास्तीचं
- पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा गाळलेला रस: १ मोठा चमचा
- मीठ: पाऊण चहाचा चमचा
- साखर: १ चहाचा चमचा
- मोहरीची पूड: पाव चहाचा चमचा

तिखटाच्या वाटणासाठी:
- बेडगी मिरच्या: ८
- लवंगी मिरच्या: २ ते ४, सोसेल तशा
- सोललेला लसूण: ६ मोठ्या पाकळ्या
- व्हिनेगर: १ मोठा चमचा
- तेल: २ मोठे चमचे
- मीठ: पाव चहाचा चमचा

यातून साधारण साडेतीनशे ग्रॅम मेयो होतं आणि थोडं वाटण उरतं.

दुधाबद्दल थोडं. पिशवीवर ‘फुल क्रीम’ असेल तर त्यात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, ‘टोन्ड’मध्ये ३ टक्के. मेयो टोन्ड दुधाचंही होतं, कारण खरं काम प्रथिनांचं आहे. पण फुल क्रीमची चव भरीव लागते. तापवून गार केलेलं दूध चालतं, फक्त साय पूर्ण काढा आणि दूध गाळून घ्या. सायीचे तुकडे शेवटपर्यंत विरघळत नाहीत आणि जिभेला लागतात. टेट्रापॅकचं दूधही उत्तम. दुग्धजन्य काहीच नको असेल तर साधं, बिनसाखरेचं सोया दूध घ्या, त्याचं मेयो तितकंच घट्ट येतं. बदामाच्या दुधाच्या वाटेला जाऊ नका. त्यात प्रथिनं इतकी कमी असतात की तेल धरलंच जात नाही.

तेल बिनवासाचं हवं. घाण्याचं शेंगदाणा तेल भाकरी-चटणीवर कितीही गोड लागो, दोनशे मिली एकत्र आल्यावर मेयोला फक्त त्याचाच वास येतो. खोबरेल तर नकोच. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवल्यावर थेंबांची आवरणं फोडून मेयो मोडणार. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल पात्याखाली गेलं की कडू होतं, आणि ते महागही पडतं.

मोहरीची पूड पाव चमचाच आहे म्हणून गाळू नका. लोणच्यासाठी मोहरी फेसताना ती पाण्यात कशी चिकट, फुगीर होते ते आठवा. तो चिकटपणा तेल-पाण्याला धरून ठेवायला मदत करतो. घरात फेसलेली मोहरी असेल तर तीच अर्धा चमचा घाला. जास्त नको, कडवटपणा येतो.

आधी वाटण

तिखटाचं वाटण मेयोच्या आधी करायचं, कारण ते पूर्ण गार व्हायला वेळ लागतो आणि कोमट वाटण घातलं तर मेयो सैल होतं.

बेडगी रंगासाठी, लवंगी झणक्यासाठी. बेडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी हे तिचं गाव. सुरकुतलेली, लांब, गडद लाल. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. ती न मिळाल्यास काश्मिरी घ्या. परदेशात भारतीय दुकानात ‘काश्मिरी’ नावाने सुकी मिरची मिळतेच. नुसत्या लवंगीचं वाटण केलं तर रंग विटकरी येतो आणि चमचाभरातच डोळ्यांतून पाणी.

देठं काढा, मिरच्या मोडून बिया झटका. तिखटपणा बियांत असतो असं म्हणतात, पण तो मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. बिया काढायच्या त्या कचकच लागतात म्हणून. मिरच्या उकळत्या पाण्यात बुडवून वर ताटली ठेवा, अर्धा तास. सालं बोटांनी दाबल्यावर मऊ लागली पाहिजेत. घाई करून दहा मिनिटांत काढल्या तर सालाचे कागदासारखे तुकडे वाटणात राहतात, ते कितीही फिरवलं तरी जात नाहीत.

मिरच्या निथळून लसूण, व्हिनेगर आणि मीठ घालून चटणीच्या भांड्यात वाटा. पातं फिरत नसेल तर मिरच्यांचं भिजवणीचं पाणी एक-दोन चमचे घाला, त्याहून जास्त नको. ते पाणी कडवट असतं, आणि इथे घातलेलं पाणी पुढे कढईत आटवावंच लागतं. वाटण गुळगुळीत हवं असेल तर पुरणाच्या चाळणीतून किंवा बारीक गाळणीतून चमच्याने घासून काढा. मोमोबरोबर खायला गाळलेलं बरं दिसतं. तळणीबरोबर न गाळलेलंच छान.

आता लहान कढईत दोन चमचे तेल मंद आचेवर तापवून वाटण परता. ही पायरी सगळे टाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक हिचाच पडतो. सुरुवातीला वाटण कढईत पसरतं आणि फुटफुटतं. पाच-सहा मिनिटांनी फुटफुट थांबते, वाटण गोळा व्हायला लागतं, कडेने लाल तेल सुटतं आणि उलथनं ओढल्यावर कढईचा तळ क्षणभर मोकळा दिसतो. तिथे गॅस बंद. परतण्याने तीन गोष्टी साधतात. वाटणातलं पाणी उडतं, म्हणजे मेयो पातळ होत नाही. लसणाचा कच्चा उग्रपणा जातो, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी दुप्पट होतो. आणि मिरचीचा रंग तेलात उतरतो. हा रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो. म्हणून कोरडं तिखट तसंच मेयोत ढवळलं तर ते फिकट गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, आणि या वाटणाने केशरी.

वाटण काळपट झालं तर ते जळलं आहे. ते वाचवत बसू नका, जळक्या मिरचीचा कडूपणा मेयोत लपत नाही. आणि हाताला तिखट लागलं असेल तर आधी थोडं तेल चोळून मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने झोंबणं हटत नाही.

मेयो: हँड ब्लेंडरने

भांडं उंच आणि अरुंद हवं. हँड ब्लेंडरचं डोकं आत जेमतेम बसेल आणि बाजूला बोटभरच जागा राहील एवढं. ब्लेंडरबरोबर जो उंच प्लास्टिकचा पेला मिळतो तो याचसाठी असतो. पसरट पातेल्यात पातं तेलापर्यंत पोचतच नाही. ते नुसतं दूध घुसळत बसतं, वर फेस येतो आणि तेल कडेला पिवळं तरंगत राहतं.

गार दूध, मीठ, साखर आणि मोहरीची पूड भांड्यात घाला. व्हिनेगर आत्ता नाही. वरून सगळं २०० मिली तेल एकदम ओता. थेंबथेंब ओतायची गरज इथे नाही. क्षणभर थांबा म्हणजे तेल वर येऊन पिवळा थर बसेल. ब्लेंडर भांड्याच्या तळाला टेकवा, मग बटण दाबा. चालू ब्लेंडर भांड्यात घातला तर दूध भिंतीवर जातं.

पुढचे वीस सेकंद ब्लेंडर हलवायचा नाही. तळाशी पांढरे लोट उठतात, तेलात ढग भरल्यासारखे. तळ दाट पांढरा होतो, वर अजून पिवळा थर असतो. मग आवाज बदलतो: आधीचा मोकळा घर्रर्र आवाज खाली जातो, जड होतो, आणि ब्लेंडर तळाला ओढल्यासारखा वाटतो. ही खूण. आता ब्लेंडर किंचित तिरका करून अगदी हळू वर घ्या, इतका हळू की वरचं तेल वळवळत खाली ओढलं जाताना दिसेल. वरपर्यंत आला की पुन्हा खाली, पुन्हा वर. बास. पूर्ण प्रकार चाळीस सेकंदांचा आहे.

या टप्प्यावर मिश्रण जाडसर बासुंदीएवढं असतं. निराश होऊ नका. आता व्हिनेगर घालून पाच सेकंद फिरवा. डोळ्यांदेखत ते घट्ट होतं, कारण आंबट लागल्यावर दुधातलं केसीन साकळतं आणि थेंबांभोवतीची पकड घट्ट होते. हीच गोष्ट सुरुवातीला केली असती तर दूध तेलाआधीच फाटलं असतं. म्हणून आंबट नेहमी शेवटी. बाजारातलं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं, माप त्यावर बेतलेलं आहे.

चमचा उभा राहतो का बघा. श्रीखंडाएवढं घट्ट झालं असेल तर उत्तम, कारण वाटणाने ते थोडं सैल होणारच आहे. अजून सैल असेल तर ब्लेंडर चालू ठेवून हाताशी ठेवलेलं तेल एकेक चमचा सोडा. दोन-तीन चमच्यांत फरक दिसतो. झालं की लगेच थांबा. घट्ट झाल्यावरही फिरवत राहिलं तर पातं गरम होतं आणि तेल सुटायला लागतं.

आता गार झालेलं वाटण. दीड मोठा चमचा घालून चमच्यानेच एका दिशेने मिसळा. चाखून लगेच आणखी घालू नका. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, त्यामुळे मेयोत तो जिभेला उशिरा लागतो, आणि अर्ध्या तासात वाढतो. रंगही तसाच हळूहळू खुलतो. झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मग चाखा, आणि हवं तर उरलेल्या वाटणातून अर्धा चमचा वाढवा. गार पदार्थात मीठही कमी लागतं, त्यामुळे मिठाचा अंतिम निर्णय तेव्हाच.

बुडवून खाण्यासाठी कुरकुरीत वडीवर घेतल्यावर ओघळू नये पण वडीही मोडू नये, असं हवं. श्रीखंडाहून सैल, इडलीच्या पिठाहून घट्ट. जास्त घट्ट वाटलं तर गार पाणी, एका वेळी एक चहाचा चमचा.

मिक्सरमध्ये करायचं असेल तर

होतं, पण मिक्सर दोन बाबतींत आडवा येतो. एक, तो गरम होतो. दोन, तेल एकदम ओतून जमत नाही, कारण त्याचं पातं सगळं मिश्रण एकाच वेळी फिरवतं, आणि एवढं तेल थोड्या दुधाला झेपत नाही.

चटणीच्या भांड्यात गार दूध, मीठ, साखर, मोहरी घाला. दुधात पातं बुडलं पाहिजे. १०० मिलीत ते बुडतं. भांडं आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर निम्मं काम झालं. उलट्या बाजूच्या पल्सवर पाच सेकंद फिरवा, झाकण उघडून एक मोठा चमचा तेल घाला, पुन्हा पाच सेकंद. असे पहिले चार-पाच चमचे सुटे घालायचे. मिश्रण पांढरंशुभ्र आणि किंचित दाट झालं की पुढे दोन-दोन चमचे. भांड्याला हात लावून बघत राहा. तळ कोमट लागला तर सगळं फ्रीजमध्ये दहा मिनिटं, मग पुढे. मधल्या भांड्याच्या झाकणाला भोक असतं, त्यातून बारीक धार सोडणं सोपं पडतं, पण तिथे एवढ्याशा दुधात पातं बुडत नाही. ते वापरायचं तर सगळी मापं दुप्पट करा. व्हिनेगर इथेही शेवटीच.

रवीने किंवा हाताच्या बीटरने दुधाचं मेयो होत नाही. तेवढे बारीक थेंब हाताच्या वेगाने पडत नाहीत. हाताने होतं ते बलकाचं.

बिघडलं तर

मिश्रण दुधासारखं पातळ, वर तेलाचा थर: थेंब पडलेच नाहीत. कारण बहुतेक वेळा पसरट भांडं, लवकर उचललेला ब्लेंडर किंवा कोमट दूध. हे फेकायचं नाही. सगळं मिश्रण वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. धुतलेल्या भांड्यात नव्याने दोन मोठे चमचे गार दूध घ्या, ब्लेंडर त्यात चालू करा आणि बिघडलेलं मिश्रण बारीक धारेने सोडत जा. व्हिनेगर आधीच पडलेलं असेल तरी ही युक्ती सहसा चालते, थोडं रवाळ राहील एवढंच.

एकजीव झालं आहे पण सैल: तेल कमी पडलं. वर सांगितल्याप्रमाणे तेल वाढवा.

छान घट्ट होतं आणि अचानक दाणेदार, तेलकट झालं: गरम झालं किंवा तेल मर्यादेबाहेर गेलं. १०० मिली दुधाला अडीचशे मिलीच्या पुढे जाऊ नका. थेंब इतके दाटतात की मधलं पाणी पुरत नाही आणि आवरणं फुटतात. यावर उपाय तोच, दोन चमचे गार दूध आणि नव्याने सुरुवात.

नुसतं तेलकट लागतं: हे मोडलेलं नाही, अळणी आहे. चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. तेलकटपणा आंबटाने जितका मारला जातो तितका तिखटाने जात नाही.

फार तिखट झालं: साखर ओतू नका, ती विचित्र लागते. साधं मेयो अर्ध्या मापात आणखी करून त्यात मिसळा. तसंही ते संपतं.

दुसऱ्या दिवशी कडेला तेलाचे मणी: बाटली फ्रीजच्या मागच्या भिंतीला, जिथे बर्फ धरतो, तिथे होती. तिथून हलवा. मेयो फ्रीझरमध्ये तर कधीच नाही. पाण्याचे स्फटिक आवरणं फोडतात आणि वितळल्यावर दूध एकीकडे, तेल एकीकडे.

अंड्याचं का नाही

चवीला अंड्याचं मेयो जास्त गोलाई असलेलं असतं, हे मान्य. पण ते कच्च्या अंड्याचं असतं, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला हा आजार आणणारा जंतू पोटात जाऊ शकतो. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली, तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षासाठी, तामिळनाडूने ८ एप्रिल २०२५ पासून एक वर्षासाठी. या बंद्या उत्पादन आणि विक्रीवरच्या, घरच्या स्वयंपाकावरच्या नव्हेत, पण जंतूला हा फरक कळत नाही. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं खाणार असतील तर विषयच नको.

करायचंच असेल तर बलक शिजवून घ्या. दोन बलक, दोन मोठे चमचे पाणी, दोन मोठे चमचे व्हिनेगर एकत्र करून उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या वाडग्यात सतत ढवळा. ७१ अंशांवर मिश्रण चमच्याला लपेटायला लागतं. लगेच गार पाण्यात वाडगा बुडवा, पूर्ण गार करा, मग मीठ-मोहरी घालून २०० मिली तेल बारीक धारेने. स्वयंपाकाचा तापमापक नसेल तर हा उद्योग करू नका. अंदाजाने एकतर कच्चं राहतं किंवा ऑम्लेट होतं.

वाटण बदलून

कांदा-लसूण मसाला घरात असेल तर दोन चहाचे चमचे मसाल्यावर एक मोठा चमचा गरम तेल ओता, गार करा, तेवढंच घाला. या मसाल्यात मीठ असतं, तेव्हा मेयोचं मीठ अर्धा चमचाच ठेवा. हिरव्या मिरचीचा खर्डा घालायचा तर मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून, लसूण-मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचा आणि चमच्याने मिसळा. ब्लेंडरने फिरवलं तर पोपटी-करडा रंग येतो आणि खर्ड्याची मजा जाते. कोथिंबीर घालणार असाल तर ती धुऊन पूर्ण कोरडी करा, पानांवरचं पाणीसुद्धा मेयो सैल करायला पुरतं. बाटलीतली शेजवान चटणी मिसळणं सगळ्यात सोपं. तीन मोठे चमचे, पण त्यात आंबट आणि मीठ दोन्ही आधीच असतं, म्हणून व्हिनेगर निम्मं.

तेल कमी हवं, त्यांच्यासाठी चक्का. मेयोच्या एका मोठ्या चमच्यात आठ ग्रॅमच्या आसपास तेल असतं, हे ठाऊक असावं. अर्धा किलो घट्ट दही पंचात बांधून फ्रीजमध्ये चार-पाच तास टांगा, दोन-अडीचशे ग्रॅम चक्का मिळतो. त्यात दोन मोठे चमचे वाटण आणि चवीपुरती साखर, हलक्या हाताने फेटून. मीठ वाढायच्या वेळी घाला, आधी घातलं तर चक्क्याला पाणी सुटतं. याची चव मेयोची नाही, पण सुरमईच्या तळलेल्या तुकडीबरोबर हेच जास्त चांगलं लागतं असं म्हणायला हरकत नाही.

खाताना आणि ठेवताना

कोथिंबीर वडी, तळलेले बोंबील, बटाट्याचे काप, मोमो, थालीपिठाचे तुकडे, गाजर-काकडी, कशाबरोबरही. साबुदाणा वड्याबरोबर फार छान लागतं, पण मोहरी आणि लसणामुळे उपवासाला चालत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. सँडविच भाजायचं असेल तर मेयो भाजल्यावर लावा. तव्याच्या उष्णतेने ते वितळून नुसतं तेल होतं आणि ब्रेड ओला पडतो.

स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, चार ते पाच दिवस. कोरडा चमचा, आणि बुडवलेला वडा बाटलीत नाही. लागेल तेवढं वाटीत काढा, वाटीतलं उरलं तर परत बाटलीत ओतू नका. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नको; विदर्भातल्या मे महिन्यात एकच तास, आणि वाटी बर्फाच्या ताटलीत ठेवलेली बरी. आंबट वास बदलला, बुडबुडे दिसले, किंवा रंगात हिरवट झाक आली तर चाखून खात्री करत बसू नका. उरलेलं वाटण वेगळ्या छोट्या बाटलीत आठवडाभर टिकतं. अंड्याच्या भुर्जीत, पोह्यांच्या फोडणीत ते सहज खपतं.

ब्लेंडर लगेच धुवा. त्याच उंच भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवला की पातं स्वच्छ होतं. तेल वाळल्यावर मात्र पात्याखालची ती फट टूथब्रशनेच घासावी लागते, प्लग काढून.